नऊ दिवस संपल्यानंतर: बेल्जियममधल्या गेल गावाचं प्रकरण

मानसिक आजार झालेल्या माणसाला घेऊन घरची मंडळी आधी कुठे जातात? जगात बऱ्याच ठिकाणी आधी प्रार्थनेच्या जागी जातात. डॉक्टर नंतर येतो, कधी फारच उशिरा. यावर संतापणारे पुष्कळ आहेत, आणि श्रद्धेनेच सगळं बरं होतं असं सांगणारेही आहेत. मला मात्र त्या दोघांच्या वादापेक्षा एक साधा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. प्रार्थना झाली, ठरलेले दिवस भरले, आणि माणूस बरा झाला नाही. मग त्या श्रद्धाळू समाजाने त्याचं पुढे काय केलं?

बेल्जियमच्या अँटवर्प प्रांतातलं गेल हे गाव या प्रश्नाला मध्ययुगापासून आजवर उत्तर देत आलं आहे. तिथली सामान्य कुटुंबं मानसिक आजार असलेल्या परक्या माणसांना आपल्या घरात ठेवून घेतात, तेही चार-आठ दिवसांसाठी नाही, अनेकदा आयुष्यभरासाठी. १९३८ साली, जेव्हा ही व्यवस्था सर्वांत मोठी होती, तेव्हा गावातल्या घरांमध्ये असे ३,७०० हून अधिक लोक राहत होते. गावाची स्वतःची लोकसंख्या तेव्हा १६ हजारांच्या आसपास होती.

सुरुवात एका संतकथेपासून होते. सातव्या शतकातल्या एका आयरिश राजाची राणी वारली आणि दुःखाने त्याचं मन ढळलं. राणीसारखीच दुसरी बायको हवी, या वेडापायी त्याची नजर स्वतःच्या मुलीवर, डिम्फ्नावर गेली. ती आपल्या धर्मगुरूला, गेरेबर्नसला सोबत घेऊन समुद्रापार पळाली आणि गेलला येऊन राहिली. बाप माग काढत आला आणि त्याने तिचा शिरच्छेद केला. तेराव्या शतकात कांब्रेच्या (आजच्या उत्तर फ्रान्समधलं शहर) एका धर्मगुरूने ही कथा लॅटिनमध्ये लिहून काढली. इतिहास म्हणून तिला फारसा आधार नाही. पण मन हरवलेल्यांची कैवारी म्हणून डिम्फ्नाची ख्याती पसरली आणि लांबलांबून लोक आपल्या आजारी माणसांना घेऊन गेलला येऊ लागले.

ही कथा मला फार प्रामाणिक वाटते. मनोरुग्णांची कैवारी म्हणून लोकांनी जिला निवडलं, ती स्वतः रुग्ण नव्हती. घरातल्या माणसाचं मन बिघडल्यावर जिला त्याची झळ बसली, ती मुलगी होती. आजारी माणसाचं दुःख आणि त्याच्या घरच्यांची दहशत, दोन्हींना या कथेत जागा आहे. बऱ्याच धार्मिक मांडणीत यातलं एकच दिसतं: एक तर रुग्ण म्हणजे झपाटलेला, नाही तर कुटुंब म्हणजे निष्ठुर.

चौदाव्या शतकात डिम्फ्नाच्या नावाने मोठं चर्च उभं राहू लागलं आणि पुढे त्याला लागूनच आजाऱ्यांसाठी एक वेगळी जागा बांधली गेली. विधी नऊ दिवसांचा असे. रुग्ण त्या जागेत राहायचा, रोज प्रार्थना व्हायची, संतिणीच्या अवशेषांच्या पेटीखालून त्याला सरपटत जावं लागे. नऊ दिवसांनी कोणी बरं होऊन परतलं, तर त्याची बातमी चहूकडे जाई. बरे न झालेल्यांची बातमी कोण देणार? आणि ते तर पुष्कळ असणार. शिवाय जागा अपुरी पडायची. नंबर लागेपर्यंत थांबलेले, नऊ दिवसांची दुसरी फेरी करू पाहणारे, आणि ज्यांना परत न्यायला कोणी येणारच नव्हतं असे, सगळे गावातच अडकले. चर्चच्या मंडळींनी गावकऱ्यांना गळ घातली: यांना तुमच्या घरी ठेवून घ्या.

गेलचं खरं काम इथे सुरू होतं. त्या नऊ दिवसांबद्दल श्रद्धाळू आणि नास्तिक वाटेल तेवढा वाद घालोत. त्यानंतरच्या दिवसांत जे झालं ते कोणालाही तपासता येतं. चमत्कार झाला नाही म्हणून माणसाला दोषी धरलं गेलं नाही, तुझी श्रद्धाच कमी पडली असं म्हणून हाकललं गेलं नाही. बरा न झालेला माणूस सांभाळण्याजोगा आहे, हे गावाने मान्य केलं आणि त्याला शेतकऱ्याच्या घरात झोपायला जागा आणि जेवायला पान मिळालं.

हे सगळं पुण्य म्हणूनच चाललं होतं असं कोणी समजू नये. रुग्णाच्या घरचे, किंवा ज्या गावचा तो असेल तिथलं प्रशासन, सांभाळण्याचे पैसे देत. शेतकऱ्याला दोन जास्तीचे हात मिळत. रुग्ण गुरं राखायचे, तण काढायचे, मुलं सांभाळायचे. १८०३ मध्ये ब्रुसेल्सच्या प्रशासनाने आपल्याकडच्या कोंदट जागेत डांबलेल्या मनोरुग्णांना गेलला पाठवलं, त्यामागेही दयेइतकाच हिशोब होता. आणि सगळी घरं चांगली नव्हती. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ एस्किरोल १८२१ मध्ये गेलला गेले, तेव्हा मोकळे फिरणारे रुग्ण त्यांनी पाहिले, तसेच बेड्या घातलेलेही पाहिले. पळून जाणाऱ्याच्या पायात लोखंड अडकवणं हे त्या काळी तिथेही चालत होतं. गेलची गोष्ट सांगताना हा भाग पुष्कळदा गाळला जातो. तो गाळला की पुढे काय बदललं आणि का बदललं, हेच कळत नाही.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली होती. १७९० च्या दशकात हा प्रदेश फ्रेंच राजवटीखाली आला, चर्चच्या कारभारावर घाला पडला, धार्मिक विधींची घडी विस्कटली. यात्रेच्या आधारावर उभी असलेली व्यवस्था तेव्हाच कोसळायला हवी होती. पण गावातली घरं उघडीच राहिली. तोवर परक्या आजारी माणसाला घरात ठेवणं ही गावाची सवय झाली होती, आणि ती टिकायला विधींची गरज उरली नव्हती.

१८५० मध्ये बेल्जियमने मनोरुग्णांविषयी कायदा केला आणि गेलची व्यवस्था सरकारने आपल्या हाताखाली घेतली. डॉक्टर नेमले गेले. कोणत्या घरात रुग्ण ठेवायचा, खोली कशी हवी, कोणाला इथे पाठवायचं नाही, याचे नियम झाले. हिंसक किंवा आगी लावणारे रुग्ण वगळले गेले. १८६२ मध्ये एक छोटं रुग्णालय बांधलं गेलं. नवा रुग्ण आधी तिथे यायचा, डॉक्टर त्याला पाहायचे, मग त्याच्यासाठी घर शोधलं जायचं. आणि प्रकृती बिघडली तर त्याला परत तिथे आणता यायचं. आजही सांगाडा हाच आहे: मागे सार्वजनिक मनोरुग्णालय, पुढे घरं, आणि मध्ये घरोघरी फिरणारी परिचारिका.

या टप्प्यावर चर्चने काय केलं हे फारसं कोणी विचारत नाही. त्याने देखरेख सोडली. रुग्ण आमचे, संत आमची, तेव्हा डॉक्टरांनी इथे यायचं नाही, असा हट्ट टिकला असता तर गेल आज इतिहासाच्या पुस्तकात एखाद्या दुर्घटनेच्या तारखेखाली सापडलं असतं. ही शंका मी हवेत घेत नाही. त्याचं उदाहरण आपल्याच देशात आहे आणि त्याकडे मी थोड्या वेळाने येते.

आधी घराच्या आत काय घडतं ते पाहू, कारण या प्रकरणातला सर्वांत मोलाचा भाग तिथेच आहे.

गेलमधल्या कुटुंबाला मनोविकारांचं शिक्षण नसतं. परंपरा अशी की रुग्णाच्या आजाराचं नावही कुटुंबाला सांगितलं जात नसे. हे ऐकून आजच्या वाचकाला धक्का बसेल, आणि औषधांच्या बाबतीत ही पद्धत मला स्वतःला पुरेशी वाटत नाही. पण तिचा एक परिणाम विलक्षण झाला. घरच्या बाईला समोर दिसायचा तो ठरावीक वेळी जेवणारा, पावसाळी हवेत गप्प होणारा, मुलांवर जीव लावणारा एक माणूस. त्याचा स्वभाव ती ओळखू लागायची. निदानाच्या कागदावरून त्याच्याकडे पाहण्याची वेळच तिच्यावर यायची नाही.

तिथले दोन प्रसंग बाहेरच्या अभ्यासकांनी पुन्हापुन्हा सांगितले आहेत. एका पाहुण्याला, म्हणजे घरात ठेवून घेतलेल्या रुग्णाला, भिंतीतून सिंह बाहेर येताना दिसायचे. घरची बाई त्याला सिंह नाहीत असं पटवत बसायची नाही. ती सिंहांना हुसकावून लावायची, आणि तो शांत व्हायचा. दुसरा एक पाहुणा रोज सदऱ्याची बटणं पिळून पिळून तोडायचा. घरची बाई रोज संध्याकाळी ती पुन्हा शिवायची. कोणीतरी सुचवलं, मासेमारीच्या दोऱ्याने शिवा, म्हणजे तुटणार नाहीत. ती म्हणाली की मग तर वाईटच होईल, त्याला बटणं पिळण्याची गरज आहे.

सिंहांचा प्रसंग नियम म्हणून वापरू नये. भ्रमाला दुजोरा देणं प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत योग्य नसतं आणि त्यावर उपचार करणाऱ्यांचं मत घ्यावं. बटणांच्या प्रसंगाबद्दल मात्र मला काहीच शंका नाही. आपल्याच घरात आजारी माणूस असतो तेव्हा आपल्याला त्याच्यात सुधारणा हवी असते, आणि रोज हवी असते. आई, बाप, नवरा, बायको यांना ते टाळताच येत नाही, कारण आजारापूर्वीचा माणूस त्यांनी पाहिलेला असतो. आजच्या माणसाची तुलना ते सतत कालच्याशी करतात. गेलमधल्या घराला हा काल माहीत नसतो. आला तसा माणूस त्यांना पुरतो. रक्ताच्या नात्याला जे जमत नाही ते परक्याला जमतं, ते त्याचं मन मोठं असतं म्हणून नाही. त्याच्यावर जुन्या अपेक्षांचं ओझं नसतं, इतकंच. श्रद्धेच्या समाजांची खरी ताकद मला इथे दिसते. ते रुग्णाच्या कुटुंबाइतके जवळचे नसतात आणि इस्पितळाइतके दूरचेही नसतात. हे मधलं अंतर फार कामाचं आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे काम. गेलमध्ये पाहुण्याच्या अंगावर काहीतरी काम असायचं: कोंबड्यांना दाणे, बाजारातून निरोप, शाळेतून मुलं आणणं. यातलं किती प्रेमाने आणि किती फुकट मजुरी म्हणून, ही रेषा नेहमीच पुसट राहिली असणार. पण ज्याच्याकडून कोणालाच कशाची अपेक्षा नाही असं जगणं किती पोकळ होतं, हे दीर्घ आजारातून गेलेली माणसं सांगतात. तुझ्यावाचून आज अमुक एक काम अडलं, हे कोणीतरी म्हणावं लागतं.

तिसरी गोष्ट वेळेची. उपचारांच्या बहुतेक योजनांना मुदत असते. गेलमध्ये घर देताना मुदत घातली जात नाही. सांभाळणारं जोडपं थकलं की त्यांची मुलगी किंवा सून त्या पाहुण्याला पुढे सांभाळते, असं कितीतरी घरांत झालं आहे. लहानपणापासून ज्याला घरात पाहिलं, त्याची भीती त्या मुलीला वाटतच नाही.

१९६० च्या दशकात कोलंबिया विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ लिओ स्रोल यांनी गेलच्या व्यवस्थेवर दीर्घ संशोधन सुरू केलं, आणि बेल्जियन मानववंशशास्त्रज्ञ युजीन रोसेन्स यांनी तिथल्या दैनंदिन जीवनाचा बारकाईने अभ्यास केला. रोसेन्स यांच्या कामाचं मोल असं की त्यांनी भिंतीही दाखवल्या. पाहुणा घरातला होता, पण घराचे निर्णय त्याचे नव्हते. गावाच्या दुकानात, रस्त्यावर, चर्चमध्ये त्याला कोणी हटकत नसे. लग्न, जबाबदारीची पदं, बरोबरीची मैत्री यांच्या दारात मात्र तो थांबलेला असे. स्वीकार होता, समानता नव्हती. शतकानुशतकांच्या सवयीनंतरही ही मर्यादा उरत असेल, तर आमच्याकडे सगळ्यांचं स्वागत आहे असा फलक लावून काम झालं असं मानणाऱ्या प्रत्येक श्रद्धास्थानाने तिच्याकडे पाहावं.

आता एरवाडी. तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यातल्या या गावात एक जुना दर्गा आहे. मनाच्या आजारासाठी इथे नाना धर्मांचे लोक येतात. इथेही मुक्कामाचे दिवस लांबत गेले, आणि माणसं मागे राहू लागली. इथवर गेल आणि एरवाडी यांच्यात काहीही फरक नाही. फरक पुढे पडला. एरवाडीत मागे राहिलेल्या रुग्णांना सांभाळण्यासाठी खासगी आश्रयगृहं निघाली. कुटुंबं पैसे पाठवत, चालक माणसांना साखळीने बांधून ठेवत. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे त्यातल्या एका गृहाला आग लागली. साखळ्यांमुळे माणसांना पळता आलं नाही. २८ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तिथली गृहं बंद झाली, शेकडो रुग्ण सरकारी देखरेखीखाली हलवले गेले.

या आगीनंतर श्रद्धेलाच आरोपी करणारं खूप बोललं गेलं. ते निदान चुकीचं आहे असं मला वाटतं, कारण तीच श्रद्धा गेलमध्येही होती, आणि एके काळी तशाच बेड्याही होत्या. एरवाडीत तीन गोष्टी नव्हत्या. माणूस घरात नव्हता, गोठ्यासारख्या जागेत अनेकांबरोबर होता, म्हणून त्याला नावानिशी ओळखणारं कोणी नव्हतं. बाहेरून येऊन दार ठोठावणारा, खोली पाहणारा डॉक्टर किंवा अधिकारी नव्हता. आणि प्रकृती बिघडली तर न्यायला जवळ इस्पितळ नव्हतं, म्हणून साखळी हाच उपाय उरला. १८५० नंतर गेलमध्ये याच तीन गोष्टी पक्क्या झाल्या होत्या.

आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने कलम ९५ मध्ये रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. मानसिक आजार असलेल्यांना काळजीसाठी, उपचारांसाठी ठेवून घेणाऱ्या संस्थांना नोंदणी सक्तीची केली आहे; नातेवाईक किंवा मित्रांच्या घरी राहणारा माणूस त्यातून वगळला आहे. म्हणजे घर आणि संस्था यांच्यातली रेषा कायद्यानेही ओढली आहे. कोणत्याही श्रद्धास्थानाने मदतीच्या भावनेने दोन खोल्या बांधून माणसं ठेवायला सुरुवात करण्याआधी ही रेषा वाचावी. त्यांची भावना कितीही स्वच्छ असो, खोलीला कुलूप लागलं आणि बाहेरचं कोणी बघायला येत नसेल, तर ती खोली एरवाडीच्या दिशेने चालली आहे.

गेल जसंच्या तसं उचलता येत नाही, हे खरंच. पण त्याचं मूळ सूत्र दुसरीकडे नेलं गेलं आहे. बेल्जियमच्याच फ्रेंचभाषक भागात लियेर्नो इथे १८८० च्या दशकात, आणि फ्रान्समध्ये द्युन-स्युर-ओराँ इथे १८९० च्या दशकात अशाच कुटुंबवसाहती सरकारने सुरू केल्या. तिथे ना संत डिम्फ्ना होती ना नऊ दिवसांचा विधी. तरी घरं मिळाली. यावरून काही जण म्हणतील की मग धर्माचं काय काम? माझं मत वेगळं आहे. सरकारला घरं मागता आली कारण गेलने आधी काही शतकं ती उघडून दाखवली होती. पहिल्यांदा दार उघडायला लोकांना पगाराहून मोठं कारण लागतं, आणि ते कारण त्या काळी चर्चने दिलं.

मग आज एखादी मंडळी, कोणत्याही धर्माची, आपल्यातल्या आजारी माणसासाठी काही करू पाहत असेल तर? घर देणं प्रत्येकाला जमणार नाही, आणि तिथून सुरुवात करूही नये. गेलच्या अनुभवातून ज्या गोष्टी सहज उचलता येतात त्या लहान आहेत. धर्मगुरूने रुग्णाला तोंडाने स्पष्ट सांगावं: प्रार्थना कर आणि गोळ्याही चालू ठेव. हे वाक्य डॉक्टरने म्हटल्यापेक्षा धर्मगुरूने म्हटलं तर अनेक घरांत जास्त वजनाने घेतलं जातं. उपासाच्या, साधनेच्या दिवसांत औषध थांबवायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारायला लावावं. लिथियमसारखं औषध चालू असताना अन्नपाणी अचानक कमी झालं तर रक्तातली मात्रा धोकादायक वाढू शकते, हे मंडळीत कोणाला तरी माहीत असलंच पाहिजे. आवाज ऐकू येणं, देवाने आपल्यालाच निवडलं अशी खात्री वाटणं, झोप उडणं, अशा गोष्टी साक्षात्कार म्हणून साजऱ्या न करता त्या माणसाला तपासणीसाठी न्यावं. आणि जीव देण्याची भाषा आली तर त्याच दिवशी, सोबत जाऊन.

काळजी घेणाऱ्या नातेवाइकाला आठवड्यातले दोन तास सुटका द्यावी, दर आठवड्याला, न चुकता. पहिल्या महिन्यात सगळेच येतात. सातव्या महिन्यात कोण येतं त्यावर सगळं अवलंबून आहे. ज्याच्यासाठी प्रार्थना मागायची त्याला आधी विचारावं, कारण कितीतरी आजाऱ्यांची गुपितं प्रार्थनेच्या विनंतीतूनच गावभर झाली आहेत. बरं झाल्याची साक्ष सर्वांसमोर द्यायला लावू नये. आजार उलटला की तोच माणूस लाजेने येणं बंद करतो, आणि त्याला सर्वांत जास्त गरज असते तेव्हा त्याची जागा रिकामी दिसते.

गेलची आजची स्थिती सुखाची आहे असं म्हणता येणार नाही. नवी औषधं आली, शेती यंत्रांवर गेली, घरातल्या बायका नोकरीला लागल्या, आणि एके काळी हजारांत असलेली पाहुण्यांची संख्या फारच खाली उतरली. सांभाळणारी अनेक माणसं वयस्क आहेत आणि नवी कुटुंबं पुरेशी मिळत नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने गेलच्या या परंपरेची जतनाच्या उत्तम पद्धतींच्या यादीत नोंद केली. नोंद झाल्याने घरं वाढत नाहीत, हे गावालाही ठाऊक आहे. आता तिथे भत्ता किती असावा, नोकरी करणाऱ्या जोडप्याला दिवसभरासाठी कोणती जोड द्यावी, मुलंबाळं असलेल्या कुटुंबांऐवजी एकटी राहणारी माणसं पाहुणे ठेवू शकतील का, यावर काम चालवावं लागेल. चर्च अजून उभं आहे, पण या प्रश्नांची उत्तरं आता रुग्णालय, सरकार आणि घरोघरी जाणाऱ्या परिचारिका मिळून शोधणार आहेत.